घरगुती साठवण-सर्व्हर : ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुनर्स्थापनेचा मागोवा

कुटुंबाची छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे एका जागी ठेवून ती घरातील प्रत्येक संगणकाला व फोनला पुरवणाऱ्या साठवण-सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम केव्हा ना केव्हा नव्याने टाकावीच लागते. कधी तिची डिस्क निकामी होते, कधी आवृत्ती जुनी पडते. अशा वेळी डेटा शाबूत राहील की नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरत आले आहे : अनेक डिस्क मिळून जो एक संच झालेला असतो, त्याच्या जोडणीची नोंद नेमकी कोठे राहते.

1988 मध्ये बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी ‘रेड’ ही संकल्पना, म्हणजे अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांपैकी एखादी बिघडली तरी डेटा टिकवण्याची पद्धत, शोधनिबंधातून मांडली. पुढे ही जोडणी जेथे स्वतंत्र कंट्रोलर कार्डावर सोपवली गेली, तेथे सिस्टीम बदलणे सोपे झाले, परंतु कार्ड जळाले तर बहुधा त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधण्याची पाळी येई. लिनक्सवरील सुरुवातीची साधने जोडणीचा तपशील सिस्टीमच्याच डिस्कवरील ‘रेडटॅब’ नावाच्या फाइलमधून घेत. 2001 मध्ये नील ब्राउन यांनी लिहिलेल्या ‘एमडीअ‍ॅडम’ने मात्र प्रत्येक डिस्कवरील सुपरब्लॉक, म्हणजे ती डिस्क कोणत्या संचाची आणि कितव्या क्रमांकाची हे सांगणारी छोटी नोंद, वाचून संच उभा करण्याची सोय दिली, आणि त्यामुळे सिस्टीम पुसली गेली तरी नव्या सिस्टीमला डिस्का ओळखता येऊ लागल्या.

तंत्रज्ञ नसलेल्या कुटुंबांसाठी हा प्रश्न सोडवण्याचा एक लक्षणीय प्रयत्न 2007 च्या ‘विंडोज होम सर्व्हर’ने केला. त्यात पहिल्या डिस्कचे सिस्टीमसाठी 20 गिगाबाइटचा एक भाग आणि डेटासाठी उरलेला दुसरा भाग असे विभाजन होत असे. पुनर्स्थापनेचा स्वतंत्र पर्याय निवडल्यास फक्त पहिला भाग पुसला जाई आणि प्रत्यक्ष फाइल कोणत्या डिस्कवर आहे हे दाखवणाऱ्या खुणा इतर डिस्का तपासून पुन्हा बांधल्या जात. वापरकर्त्यांची खाती तेवढी नव्याने तयार करावी लागत. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. तथापि एकाहून अधिक डिस्का असलेल्या सर्व्हरवर काही परिस्थितींत फाइल बिघडवणारा दोष तिच्यात निघाला, तो 2008 च्या सुधारणेत दूर झाला, आणि 2010 मध्ये डिस्का एकत्र करणारा तो भागच पुढील आवृत्तीतून वगळण्याचा निर्णय जाहीर झाला.

खरी निश्चिंती आणली ती ‘झेडएफएस’ने. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी 2001 मध्ये हाती घेतलेली ही फाइल-व्यवस्था 2005 मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली झाली. तिच्या ‘पूल’मधील, म्हणजे डिस्कांच्या संचातील, प्रत्येक डिस्कवर 256 किलोबाइटच्या ओळखपट्टीच्या चार प्रती असतात, दोन आरंभी व दोन शेवटी, म्हणून डिस्कचे एक टोक चुकून पुसले गेले तरी ओळख उरते. जुन्या सिस्टीमवर पूल ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे रीतसर मोकळा करायचा आणि नव्या सिस्टीमवर ‘इम्पोर्ट’ करायचा, इतकेच काम उरते. जुनी सिस्टीम अचानक मेल्यामुळे पूल मोकळा करता आला नसेल, तर तो दुसऱ्या यंत्राच्या वापरात असावा अशा समजुतीने नवी सिस्टीम आधी नकार देते, आणि तो संच अन्य कोठेही चालू नाही याची खात्री करूनच सक्तीचा इम्पोर्ट करावा लागतो. 2005 मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी सुरू केलेल्या ‘फ्रीनास’ने पुढे ही व्यवस्था घराघरांत नेली, त्यात सिस्टीम छोट्या यूएसबी स्टिकवर, डेटा वेगळ्या डिस्कांवर आणि सर्व मांडणी उतरवून घेता येणाऱ्या एका फाइलमध्ये राहू लागली.

तरीही काही गोष्टी सिस्टीमच्या डिस्कवरच राहिल्या, आणि नुकसान त्यांच्यामुळेच होते. फ्रीनासमध्ये ‘गेली’ पद्धतीने कूटबद्ध केलेल्या पूलची किल्ली-फाइल बूट डिस्कवर असे. तिची प्रत न घेता ती डिस्क पुसली, तर शाबूत डिस्कांमधील डेटाही कायमचा बंद होई. पूलची वैशिष्ट्ये नव्या आवृत्तीनुसार वाढवली, तर जुन्या सिस्टीमकडे परतण्याची वाट बहुधा बंद होते. मालकीची नोंद तर नावाने नव्हे, क्रमांकाने होते : 1000 क्रमांकाच्या व्यक्तीच्या फाइल नव्या सिस्टीमवर 1000 क्रमांक ज्याला मिळेल त्याच्या ठरतात, मग तो घरातील दुसराच कोणी का असेना.

इन्स्टॉलरच्या पडद्यावर एकाच बनावटीच्या चार डिस्का केवळ आकारमान आणि एखाद्या अक्षराच्या फरकाने दिसतात, आणि ही अक्षरे प्रत्येक वेळी तीच राहतील याचा भरवसा नसतो. म्हणून पुनर्स्थापना करणाऱ्याने मांडणीची फाइल आणि किल्ल्या दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्याव्यात, सर्व्हर बंद करून डेटा-डिस्कांच्या केबल काढून ठेवाव्यात, नवी सिस्टीम सुरळीत चालू लागल्यावरच त्या पुन्हा जोडाव्यात, आणि अपूरणीय छायाचित्रांची एक प्रत या सर्व्हरबाहेर असल्याशिवाय कामाला हात घालू नये.