मुदतीच्या रांगेतले राष्ट्रीयत्व

१ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेले हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या एका तारखेसाठी तेथील लक्षावधी रहिवाशांचे राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट बदलण्याचे काम आधीची दहा वर्षे चालले होते, आणि त्यातील मुदतींचे परिणाम आजही ओसरलेले नाहीत.

ब्रिटनच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने हाँगकाँगमधील बहुसंख्य ब्रिटिश प्रजाजन ‘ब्रिटिश आश्रित प्रदेशांचे नागरिक’ ठरले होते. या दर्जावर ब्रिटिश पासपोर्ट मिळे, पण ब्रिटनमध्ये जाऊन कायम राहण्याचा अधिकार, म्हणजे वास्तव्याचा हक्क, मिळत नसे. हस्तांतरानंतर हाँगकाँग हा आश्रित प्रदेशच उरणार नसल्याने १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणापत्राच्या वेळी नव्या दर्जाची तजवीज झाली, आणि १ जुलै १९८७ पासून ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’, संक्षेपाने बीएनओ, हा दर्जा अस्तित्वात आला. तो आपोआप लागू होत नसे, त्यासाठी अर्ज करून नोंदणी करावी लागे. शिवाय तो मुलाबाळांकडे वारशाने जात नसे.

सर्वांनी अखेरच्या महिन्यांत अर्ज केले असते तर कचेऱ्या कोलमडल्या असत्या, म्हणून १९९३ मध्ये जन्मवर्षानुसार टप्पे पाडण्यात आले. १९६७ ते १९७१ या वर्षांत जन्मलेल्यांची मुदत सर्वांत आधी, ३० ऑक्टोबर १९९३ रोजी, संपली. १९९७ च्या पहिल्या सहामाहीत जन्मलेल्या अर्भकांसाठी मात्र त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरपर्यंत सवलत होती. प्रशासनाच्या दृष्टीने ही आखणी उत्तमच म्हणावी लागेल. खरी झुंबड उडाली ती वेगळ्याच मुदतीला: हाँगकाँगबाहेर, मुख्यतः चीनमध्ये, जन्मलेल्या रहिवाशांना बीएनओ होण्यापूर्वी आश्रित प्रदेशाचे नागरिकत्व घ्यावे लागे, आणि त्या अर्जाचा शेवटचा दिवस ३१ मार्च १९९६ हा असल्याने त्या एका दिवसात पन्नास हजारांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले.

सर्वांत बिकट स्थिती चिनी वंशाच्या नसलेल्यांची होती, आणि त्यांत भारतीय वंशाची कुटुंबे बरीच होती. चीन आपल्या वंशाच्या रहिवाशांना आपले नागरिक मानणार होता, मात्र इतरांना नव्हे. आणि भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपत असल्याने तिकडचाही मार्ग बंद होता. हातात वास्तव्याचा हक्क नसलेला ब्रिटिश पासपोर्ट तेवढा उरत होता. अखेर १९९७ च्या मार्चमध्ये, हस्तांतराला जेमतेम साडेतीन महिने उरले असताना, ब्रिटिश संसदेने अशा लोकांना पूर्ण नागरिकत्वाचा हक्क देणारा कायदा केला. त्यासाठी ४ फेब्रुवारी १९९७ पूर्वी हाँगकाँगमध्ये नेहमीचे वास्तव्य असण्याची अट होती. सामान्य माणसाला मुदती पाळण्यास सांगणाऱ्या शासनाने स्वतःचा निर्णय इतका लांबवावा, हे मुळीच शोभणारे नव्हते.

अनेक वर्षे बीएनओ हा प्रवासापुरता कागद समजला गेला. २०२० मध्ये चीनने हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू केल्यावर मात्र चित्र पालटले: ३१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने बीएनओधारकांना व त्यांच्या कुटुंबीयांना ब्रिटनमध्ये राहण्याचा, पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा आणि पुढे नागरिकत्वाचा मार्ग खुला केला, तर त्याच दिवसापासून चीनने हा पासपोर्ट ग्राह्य मानणे थांबवले. तीस वर्षांपूर्वी आळसाने, अविश्वासाने किंवा तत्त्व म्हणून नोंदणी टाळलेल्यांना ती आता करता येत नाही. ३१ डिसेंबर १९९७ नंतर हा दर्जा कोणालाही मिळू शकलेला नाही, त्यामुळे आजचा सर्वांत तरुण बीएनओधारकदेखील ३० जून १९९७ किंवा त्यापूर्वी जन्मलेला आहे.