पंचमीच्या आदल्या दिवशीचा पाहुणा

श्रावणातल्या कीर्तनमालेसाठी आम्ही तारापूरला मुक्कामास होतो. चतुर्थीच्या सकाळी संध्या आटोपून बसलो असता यजमानांचा बारा वर्षांचा नातू काचेची बरणी पोटाशी धरून पुढे आला. बरणीत हातभर लांबीचे सापाचे पिलू होते. भातखाचराच्या बांधावर त्याने ते आदल्या दिवशी पकडले होते. ‘‘बुवा, मला ह्याला माणसाळवायचे आहे. पण हात घातला की चावतो. चारदा चावला,’’ असे त्याने निर्मळ मनाने सांगितले.

यजमानांच्या हातची फुलांची परडी तिथेच राहिली. मुलाला तत्काळ दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखमा पाहून त्याला काही तास नजरेखाली ठेवून घेतले. इकडे एका सर्पमित्रांस निरोप गेला. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि अंगावरची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी व डोळ्याखालच्या दोन तिरप्या काळ्या रेघा दाखविल्या. दिवड होते, निर्विष, पण जात्याच तापट. दिवड चिडला की मान चपटी करून उभा राहतो आणि लोक त्याला नाग समजून ठेचतात. ह्या खेपेस दैव बरे म्हणावयाचे. अजगराचे पिलू म्हणून घोणशीचे पिलू उचलणारेही असतात, आणि घोणशीचे पिलू जन्मतःच विषारी असते.

दुपारी मुलगा सुखरूप परतला. तोवर ओटीवर शेजारीपाजारी जमले होते आणि निराळाच प्रश्न निघाला होता. उद्या पंचमी; नागराज आपण होऊन घरी आले; दूधलाह्या वाहू, आरती करू आणि मग सोडू, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. सर्पमित्र नको म्हणत होते. सगळे आमच्या तोंडाकडे पाहू लागले.

योगायोग असा की, आदल्याच रात्री आम्ही उत्तररंगाला आदिपर्वातले रुरूचे आख्यान लाविले होते. प्रमद्वरेला सर्पदंश झाला, रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन तिला उठविले आणि त्यानंतर दिसेल तो साप मारीत तो हिंडू लागला. एके दिवशी त्याचा दंड एका डुण्डुभावर उगारला गेला. डुण्डुभ म्हणजे निर्विष साप. (पाणसापासाठी अमरकोशात ‘अलगर्द’ हा निराळा शब्द आहे, आमच्या पाहुण्यास डुण्डुभ म्हणावे की अलगर्द, ह्यावर शास्त्रीमंडळींनी खुशाल वाद घालावा.) तो डुण्डुभ पूर्वजन्मीचा नव्हे, ह्याच जन्मीचा ऋषी होता. अग्निहोत्रात गढलेल्या मित्राला त्याने गवताचा साप करून थट्टेने भिवविले आणि त्या मित्राच्या शापाने स्वतः सर्प झाला. भ्यालेल्या जिवाच्या तोंडून काय बाहेर पडेल ह्याचा नेम नसतो, हे व्यासांनी तिथे दाखवून ठेवले आहे. रात्री ह्या आख्यानावर आम्हांस भरपूर माना डोलविलेल्या मिळाल्या होत्या.

मुलाने सर्पमित्रांना विचारले, ‘‘मला चावतो, मग तुम्हाला का नाही?’’ त्यांनी त्याचा हात कसा गेला असेल ते करून दाखविले. वरून झडप घालणारा हात म्हणजे पिलाच्या लेखी घार किंवा बगळा. त्यांनी हात जमिनीलगत, बाजूने, सावकाश नेला. मानेला चिमटा घेतला नाही. दोन्ही तळव्यांचा आधार दिला आणि ते जिकडे सरकेल तिकडे पुढचा हात धरीत राहिले. पिलाने एकदा तोंड मारले, मग शरीर सैल सोडले. ‘‘माणसाळला!’’ मुलगा ओरडला.

‘‘नाही रे, दमला,’’ सर्पमित्र म्हणाले.

हे दोन शब्द आम्हांस पुष्कळ दिवस पुरले. अमेरिकेत मक्याचा साप म्हणून ओळखली जाणारी एक निर्विष जात पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढवून पाळतात. तिथले जाणते पाळणारेही नवे पिलू आणल्यावर काही दिवस त्याला हातच लावीत नाहीत. पुढे थोडाच वेळ हाताळतात, आणि अन्न पोटात असता मुळीच नाही. इतके करूनही मिळते ती सवय. गायवासरांची माया तिथे अपेक्षू नये. आपल्याकडे तर रानातला साप पकडून घरी ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदीच आहे.

ओटीवरच्या एकाने बत्तीस शिराळ्याचा दाखला काढला. दाखला खरा होता. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावी गोरक्षनाथांच्या नावाने जिवंत नागाची पूजा चाले. पंचमीपूर्वी नाग धरीत, मडक्यांत जपून ठेवीत आणि मागाहून रानात सोडीत. ती प्रथा २००२ नंतर न्यायालयाच्या आदेशाने थांबली. २०२५ मध्ये केंद्राने तिथल्या २१ जणांना पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारापुरती नाग पकडण्याची मुभा दिली. शिराळकरांची श्रद्धा आम्ही हलकी लेखीत नाही. पण १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा सापांना डिवचले नाही तर ते आपण होऊन चावत नाहीत, हेच त्यांना दाखवावयाचे होते. मडके, बरणी, आरतीचा धूर आणि चाळीस माणसे, हे डिवचणे नव्हे तर काय?

आम्हीही धुतल्या तांदळाचे नव्हे. तरुणपणी एका गारुड्याच्या टोपलीतल्या नागापुढे आम्ही मंत्र म्हणून दक्षिणा घेतली आहे. तो नाग दुधाला तोंड लावी, तेव्हा बाया हात जोडीत. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ ठेवलेला जीव पुढे येईल ते पितो, हे आम्हांस फार उशिरा कळले. त्याचे दातही उपटलेले होते.

म्हणून ओटीवर आम्ही पंचमीची कहाणीच सांगितली. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मेली. ती सूड घेत लेकीच्या घरी पोचली, तेव्हा लेक पाटावर चंदनाने नाग काढून पूजा करीत होती. नागीण शांत झाली ती त्या काढलेल्या नागापुढे. पकडलेला नाग कहाणीत कुठेच नाही. आज नांगर धरू नये, चिरू नये, तवा चढवू नये, दिंडेसुद्धा उकडून करावी, असे पाळणाऱ्या घरात पिलू बरणीत कसे ठेवावयाचे? एक वृद्ध बाई म्हणाल्या, ‘‘मग सोडा की बाई, लेकरूच ते.’’ वाद तिथे मिटला. एकदोघे नाराज होऊन उठून गेले, तेही खरे.

वनखात्याला कळवून सर्पमित्रांनी सायंकाळी पिलू त्याच बांधाशी सोडले. मुलगा सोबत गेला होता. बरणी आडवी केली तरी ते बराच वेळ बाहेर येईना. मग एकाएकी पाण्यात शिरले आणि दिसेनासे झाले. मुलाने रिकामी बरणी घरी आणली आणि कोणी न सांगता घासून ठेवली.

पंचमीच्या सकाळी यजमानीणबाईंनी त्याच्यापुढे पाट आणि गंधाची वाटी ठेविली. त्याने नाग काढला. फणा ठीक होता; पण अंगभर चौकटी काढल्या होत्या आणि डोळ्याखाली दोन तिरप्या रेघा. आजी म्हणाल्या, हा कसला नाग! आम्ही त्यावरच लाह्या वाहिल्या.