ट्रेनिंगमधला ‘नापास’ शेरा सैनिकाच्या फाइलीतून निघतो का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये रेंज नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचं ‘म्हणजे बघा’, ‘तर काय’ जरा कमी केलंय. बाकी तसंच.

आजचा प्रश्न न्यू जर्सीहून आलाय. एका श्रोत्याचा मावसभाऊ अमेरिकन आर्मीत आहे, ग्रीन कार्डवर भरती झालेला. (हो, तिथे नागरिक नसताना, कायम वास्तव्याचा परवाना असला तरी साधा सैनिक म्हणून भरती होता येतं.) त्याला सार्जंट व्हायचं होतं म्हणून युनिटने लीडरशिपच्या कोर्सला पाठवलं. एका परीक्षेत तो नापास ठरला आणि कोर्स अर्धवट सोडून परत आला. आता फाइलीत एक कागद बसलाय. प्रश्न एवढाच: हा कागद काढता येतो का?

येतो. पण ‘हा कागद माझं नुकसान करतोय’ म्हणून निघत नाही. ‘हा कागद चुकीचा आहे’ किंवा ‘हा अन्यायाने लिहिलाय’ हे दाखवावं लागतं. या दोन वाक्यांतला फरक न कळल्यामुळेच बरेच अर्ज पडतात. म्हणून आज जरा सावकाश जाऊ.

आधी कागद कुठला ते बघू. आर्मीच्या शाळेत कुठलाही मोठा कोर्स केला की शेवटी एक अहवाल निघतो, डीए फॉर्म १०५९. त्याला शाळेचं प्रगतिपुस्तक म्हणा. फरक हा की आपलं प्रगतिपुस्तक आई माळ्यावर टाकते, आणि हे सैनिकाच्या अधिकृत सेवा-फाइलीत कायमचं जातं. त्यात कोर्सचा दर्जा गाठला की नाही याचा चौकोन असतो, आणि खाली शाळेचे शेरे. सार्जंट होण्यासाठी बेसिक लीडर कोर्स असतो, साधारण २२ दिवसांचा. २०१६पासून आर्मीचं धोरण असं ठरलं की आधी शिक्षण, मग बढती. त्यामुळे कोर्स अडला की बढतीही अडते. आणि माणूस जसजसा वर जातो तसा हा कागद जास्त टोचतो. वरच्या हुद्द्यांसाठी जे निवड मंडळ बसतं ते माणसाला भेटत नाही, फाइल बघतं. मुरलेल्या सार्जंटांच्या बाबतीत तर कोर्समधल्या अपयशाचा अहवाल हे ‘याला सेवेत ठेवायचं का’ अशी तपासणी सुरू व्हायचं एक कारण ठरू शकतं. म्हणजे २२ दिवसांतली एक दुपार आणि पुढची १५ वर्षं, असा हिशेब आहे.

आता दाद कुठे मागायची? क्रम महत्त्वाचा आहे. अहवाल नकारात्मक असेल तर तो फाइलीत जाण्याआधी सैनिकाला दाखवावा लागतो आणि त्याला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. बरेच जण इथे नुसती सही करून मोकळे होतात. रागात किंवा लाजेने. माझ्या मते सगळ्यात स्वस्तातली संधी हीच असते. त्यानंतर कमांडरकडे चौकशी मागता येते. मग रीतसर अपील. नाव, तारीख, हुद्दा अशा कारकुनी चुकांसाठी वेगळी वाट आहे. पण ‘मूल्यमापनच चुकलंय’ असं म्हणायचं असेल तर अहवालाचा कालावधी संपल्यापासून ३ वर्षांच्या आत अपील करायचं. तेही फेटाळलं गेलं की मग शेवटचं प्रशासकीय दार: आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स. अर्ज डीडी फॉर्म १४९ वर. खालच्या पायऱ्या मोकळ्या असताना थेट बोर्डाकडे गेलात तर बोर्ड म्हणतं, आधी तिकडे जाऊन या.

हे बोर्ड आलं कुठून, ही गोष्ट मला फार आवडते. १९४६च्या आधी एखाद्या सैनिकाचा रेकॉर्ड दुरुस्त करायचा तर अमेरिकन काँग्रेसमध्ये त्या एका माणसासाठी स्वतंत्र विधेयक आणावं लागायचं! दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी आले, तेव्हा हे चालणं शक्यच नव्हतं. म्हणून १९४६च्या कायद्याने अशी खासगी विधेयकं बंद केली आणि काम लष्करी खात्यांकडे दिलं. पण एक अट घातली. निर्णय देणारे लोक वर्दीतले नकोत, नागरी हवेत. आजही ही तरतूद अमेरिकन संहितेच्या १०व्या शीर्षकात, कलम १५५२ मध्ये आहे, आणि तिच्यात दोन शब्द आहेत: ‘चूक’ आणि ‘अन्याय’. दुसरा शब्द मुद्दाम ठेवलाय. कागदोपत्री सगळं नियमात असूनही परिणाम अन्यायाचा असू शकतो, हे कायद्यानेच मान्य केलंय.

बोर्ड किती मागे जाऊ शकतं? हेन्री फ्लिपर हा वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, १८७७ सालचा. १८८२ मध्ये त्याला सेवेतून काढलं. तो १९४० मध्ये वारला. आणि १९७६ मध्ये याच बोर्डाच्या निर्णयामुळे त्याची सेवामुक्ती सन्मानाची ठरली. मृत्यूनंतर ३६ वर्षांनी. कोर्ट मार्शलचा निकाल उलटवायचा अधिकार बोर्डाकडे नव्हता. त्यासाठी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची माफी यावी लागली.

बरं, परत आपल्या कागदाकडे. इथे थोडं थांबून ऐका, म्हणजे वाचा.

बोर्डासमोर सुरुवात शून्यापासून होत नाही. फाइलीत गेलेला कागद नियमाने आणि प्रामाणिकपणे तयार झालाय, असं धरूनच सुरुवात होते. तो तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकाची. अहवालाच्या अपिलात तर पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा लागतो, नुसतं ‘शक्यता आहे’ एवढं चालत नाही. त्यामुळे ‘इन्स्ट्रक्टरचा माझ्यावर डूख होता’ हे वाक्य खरं असलं तरी एकटं टिकत नाही. त्याच्या बाजूला काहीतरी उभं करावं लागतं.

काय उभं करायचं? समजा शाळेच्या मूल्यमापन योजनेत लिहिलंय की एका परीक्षेत नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. ती दिलीच नाही. इथे कुणाचा स्वभाव, कुणाचा डूख काही सांगायची गरजच नाही. त्या योजनेचं पान, परीक्षेची तारीख, परत पाठवल्याची तारीख. तीन कागद आणि केस उभी. किंवा समजा सैनिकाच्या गुडघ्याला दुखापत होती, डॉक्टरांनी धावण्यावर लेखी बंधन घातलं होतं, आणि तरीही शारीरिक चाचणीत नापास म्हणून शेरा आला. मग तो वैद्यकीय कागद, त्यावरची तारीख, आणि तो शाळेला वेळेत दिला होता याचा पुरावा. हा तिसरा भाग लोक विसरतात! कागद होता, पण शाळेला माहीत होता का? अहवाल सैनिकाला दाखवलाच नाही, म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही, हेही दमदार कारण आहे. कारण ती प्रक्रियेतली चूक असते आणि ती कागदावरच दिसते.

साक्षीदारांचंही तसंच. कर्नलसाहेबांचं ‘हा फार गुणी मुलगा आहे’ असं पत्र ऐकायला छान वाटतं, पण ते त्या परीक्षेच्या दिवशी तिथे नव्हते. त्यापेक्षा त्याच तुकडीतल्या साध्या सैनिकाचं अर्ध्या पानाचं निवेदन जास्त वजनदार: मी तिथे होतो, अमुक वाजता अमुक झालं, इन्स्ट्रक्टर अमुक म्हणाले. हुद्दा मोठा असण्यापेक्षा जागेवर असणं मोठं.

आणि एक कटू गोष्ट. ‘नंतर मी तोच कोर्स पुन्हा केला, चांगला पास झालो, मग आता जुना कागद काढा’ हे कारण मनाला पटतं. पण बोर्डाच्या दृष्टीने दोन्ही अहवाल आपापल्या वेळी खरे असू शकतात. नंतरचं यश जुन्या अपयशाला खोटं ठरवत नाही. मला हे थोडं कठोर वाटतं, खरं सांगतो. पण याच एका मुद्द्यावर अर्ज उभा करू नका.

मागताना काय मागायचं, तेही नेमकं लिहायला हवं. पूर्ण अहवाल काढून टाका, अमुक शेरा वगळा, अमुक चौकोन बदला, किंवा कागद फाइलीच्या मर्यादित भागात हलवा, जिथे तो सहसा निवड मंडळासमोर येत नाही. आणि त्या कागदामुळे बढती हुकली असेल तर फेरविचारही मागा. नुसता कागद निघाला आणि हुकलेली बढती तशीच राहिली तर उपयोग काय? दुरुस्तीमुळे पगाराची थकबाकी निघत असेल तर ती द्यायची तरतूद कायद्यात आहे.

मुदत? चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं. उशीर झाला तर न्यायाच्या हितासाठी बोर्ड तो माफ करू शकतं, पण उशिराचं कारण द्या. प्रत्यक्ष सुनावणी हा हक्क नाही. बहुतेक निर्णय कागदांवरच होतात. म्हणून सैनिक समोर उभा राहून जे बोलला असता ते सगळं अर्जात आलं पाहिजे. वकील सक्तीचा नाही. तळावरच्या कायदा-मदत कार्यालयात फुकट सल्ला मिळतो, माजी सैनिकांच्या संघटनाही मदत करतात. वेळ मात्र लागतो. कायद्याने घालून दिलेलं लक्ष्यच असं आहे की ९० टक्के अर्ज १० महिन्यांत निकाली काढायचे. बोर्डाचे जुने निर्णय नावं झाकून ऑनलाइन उघडे आहेत. अर्ज लिहिण्याआधी आपल्यासारखी ५–१० प्रकरणं वाचा. कुठला पुरावा चालला आणि कुठे अर्ज आपटला, ते तिथे बोर्डाच्याच शब्दांत मिळतं.

बोर्डाने नाही म्हटलं तर? नवा पुरावा असेल तर फेरविचार. नाहीतर फेडरल कोर्ट. पण कोर्ट स्वतः मार्क तपासत बसत नाही. बोर्डाचा निर्णय मनमानी होता का, पुरावा दुर्लक्षित केला का, एवढंच बघतं.

आता कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न: आपल्या सैन्यात काय? आपल्याकडे आर्मी ॲक्ट १९५० मध्ये जवानांच्या तक्रारीसाठी कलम २६ आणि अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. कायदा २००७चा, काम सुरू झालं २००९ मध्ये, मुंबईतही खंडपीठ आहे. तिथे मुदत सहा महिन्यांची, म्हणजे अमेरिकेपेक्षा बरीच कमी. आणि गंमत बघा, तिकडे बोर्डावर नागरीच लोक हवेत असा आग्रह, तर आपल्या खंडपीठावर एक न्यायिक सदस्य आणि शेजारी प्रशासकीय सदस्य म्हणून सहसा निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी. कुठलं बरं, यावर घरी आमचं एकमत झालेलं नाही. तुमच्या घरात, नात्यात कुणी फौजेत असेल तर त्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकवतो.