आपल्याच माणसांना सुनावणारी कविता

19 मे 1968 रोजी न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या एका बागेत कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सच्या जयंतीनिमित्त सभा भरली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला जेमतेम दीड महिना झाला होता. गिलान केन, डेव्हिड नेल्सन आणि अबिओडुन ओयेवोले हे तिघे कृष्णवर्णीय तरुण तिथे कविता म्हणायला उभे राहिले आणि ‘द लास्ट पोएट्स’ हा गट जन्माला आला. पुढे माणसं बदलली, फाटाफूटही झाली; पण 1970 साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर ऐकू येतात ते आवाज आणि तालवाद्यंच. पैसे नव्हते म्हणून हा साधेपणा, असं कुणी म्हणेल. मला त्यात निवड दिसते. 1739 च्या गुलामांच्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलिनाने पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांच्या ढोलांवर बंदी घातली होती. अशा इतिहासात ढोल पुढे आणून बाकी वाद्यांना रजा देणं, हे राजकारणच झालं.

या काळातल्या कृष्णवर्णीय कवितेवर नेहमीचा आरोप असा, की ती गोऱ्यांविषयीचा द्वेष आहे आणि कविता कमी, प्रचार जास्त. आरोप करणारे ती कोणाला उद्देशून आहे हे पाहत नाहीत. नागरी हक्क चळवळीची गाणी देशाच्या, म्हणजे बऱ्याच अंशी गोऱ्या समाजाच्याही सदसद्विवेकाला हाक घालत होती. हे कवी मात्र आपल्याच गल्लीशी बोलत होते, तेही लाडीगोडी न लावता. लास्ट पोएट्सची सर्वांत गाजलेली कविता क्रांतीला घाबरणाऱ्या कृष्णवर्णीयांनाच फैलावर घेते. त्याच काळातला कवी-गायक गिल स्कॉट-हेरन याची टीव्हीवरची प्रसिद्ध रचना घरात बसून जग पाहणाऱ्याला उठवते. बदल आधी डोक्यात होतो, असा तिचा अर्थ त्याने पुढे स्वतःच सांगितला. आंबेडकरी जलशांनीही आपल्याच वस्तीचे कान असेच उपटले होते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आणि प्रचाराचं म्हणाल, तर चांद्रमोहिमेवरची स्कॉट-हेरनची कविता ऐका. बहिणीला उंदीर चावलाय, डॉक्टरचं बिल भरायला पैसे नाहीत आणि गोरा माणूस चंद्रावर पोचलाय. एवढ्या घरगुती तपशिलातून अंदाजपत्रकाचा हिशेब मांडणं घोषणेला जमत नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. या पुरुषी गर्जनेत बाई पुष्कळदा शोभेपुरती किंवा दोषी म्हणून येते, आणि त्याचं समर्थन करता येत नाही. मात्र त्याच काळात सोनिया सांचेझ, जेन कोर्टेझ याही कविता गाजवत होत्या. निकी जिओव्हानीने तर 1971 मध्ये गॉस्पेल गायकवृंदासोबत आपल्या कवितांची तबकडी काढली. म्हणजे उणीव त्या कवींची होती, कलाप्रकाराची नव्हे. क्रांती तर झालीच नाही, उलट स्कॉट-हेरनची टीव्हीवरची ती रचना पुढे बुटांच्या जाहिरातीत वापरली गेली, हा टोमणाही खराच. पण सरकारला ही कविता निरुपद्रवी वाटत नव्हती. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत 1965 च्या वांशिक उद्रेकानंतर लेखकांची कार्यशाळा उभी राहिली, तिथूनच ‘वॉट्स प्रॉफेट्स’ हा कवींचा गट निघाला. 1973 मध्ये त्या कार्यशाळेची इमारत जळाली. आग आपण लावली, अशी कबुली पुढे एफबीआयच्याच एका खबऱ्याने दिली.