डबाबंद व बाटलीबंद अन्नाची पारख

खेड्यांत डबाबंद अन्न आता नवलाचे राहिलेले नाही. लग्नकार्यासाठी कोकणातून आमरसाचे डबे येतात, घरोघरी जॅम, सॉस व लोणच्याच्या बरण्या असतात आणि पोषण आहारासाठी तेल-मसाल्याची पाकिटे शाळेच्या कोठीत येतात. आहार मुलांना वाढण्यापूर्वी चाखण्याचे काम शिक्षकांकडे सोपविलेले आहे. म्हणून अन्नाची पारख शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

अन्न नासते ते सूक्ष्म जंतूंमुळे. निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, ती पाण्यात उकळण्याची रीत १८१० साली प्रसिद्ध केली. तिचे मर्म पुढे पाश्चरच्या प्रयोगांनी उलगडले. उष्णतेने आतील जंतू मरतात व हवाबंद झाकणामुळे बाहेरचे आत शिरत नाहीत. या दोहोंपैकी एकात जरी उणीव राहिली, तरी अन्न बिघडते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू मात्र उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांच्या नाशासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. हा जंतू हवा नसलेल्या जागी, म्हणजे नेमका बंद डब्यात, वाढतो व जहाल विष निर्माण करतो. त्या विषाने दृष्टी दुहेरी होते, बोलणे व गिळणे कठीण होते आणि श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. पुरेशा आंबट पदार्थांत हा जंतू वाढत नाही. म्हणून कैरीच्या लोणच्यास याचे भय थोडे. भाज्या, मका, मांस, मासे यांच्या डब्यांस व तेलात बुडवून ठेवलेल्या लसणास अधिक.

पारख पुढील क्रमाने करावी.

१. डब्याचे तळ व झाकण सपाट किंवा किंचित आत गेलेले असावे. फुगलेला किंवा दाबल्यावर टक् करून आत-बाहेर होणारा डबा मुळीच घेऊ नये.

२. गळणारा, खोल गंजलेला किंवा सांध्यावर पोचा पडलेला डबा टाळावा. अंगावरच्या उथळ पोच्याने सहसा अपाय होत नाही.

३. नव्या बरणीचे धातूचे झाकण मध्यभागी वर आलेले नसावे व तिचे सील तुटलेले नसावे.

४. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, वापरण्याची अंतिम तारीख व अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक पाहावा. मात्र तारीख शिल्लक आहे, एवढ्यावरून फुगलेला डबा निर्दोष ठरत नाही.

५. उघडताच पदार्थ उसळला, फेसाळला, बुरशी दिसली किंवा वास आला, तर तो टाकावा. बुरशी वरून काढून खाली राहिलेले खाऊ नये.

संशय आल्यास चव घेऊन निर्णय करू नये. बोट्युलिनमच्या विषास रंग, वास वा चव नसते. शिजलेला आहार चाखणे निराळे आणि संशयित डबा चाखणे निराळे. पहिले कर्तव्य आहे, दुसरे धाडस आहे. शाळेस पुरविलेला माल संशयास्पद वाटल्यास तो न उघडता वेगळा ठेवून मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवावे. घरचा असल्यास मुले व जनावरे पोहोचणार नाहीत असा पुरून टाकावा.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेतील जेवणाने २३ मुले दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. आपल्या जिल्ह्यात कांदा, ऊस व डाळिंब यांवर फवारणी होते आणि रिकामे डबे घरोघरी साठतात. कितीही धुतला तरी असा डबा तेल, धान्य वा पाणी यांसाठी कदापि वापरू नये. शाळेची कोठी या दृष्टीने शिक्षकांनी आजच तपासावी.

सामान्य विज्ञानाच्या तासाला खाद्यपदार्थांची रिकामी, स्वच्छ वेष्टने आणून मुलांकडून तारीख व क्रमांक वाचून घ्यावेत. मूल जे शाळेत वाचते ते घरी सांगते, आणि वेष्टन वाचता न येणाऱ्या आजीसही त्या वाचनाचा उपयोग होतो.