गळ्यावर वळ नाही, म्हणून इजा नाही?

हत्यार म्हटले की आपल्याला सुरा आठवतो. जून 2024 मध्ये वसईत भर रस्त्यात एका तरुणीचा लोखंडी पान्ह्याने जीव घेतला, तो बघ्यांनी पाहिला. घरात मात्र हत्यार अनेकदा नुसता हात असतो, नाहीतर ओढणी.

नोव्हेंबर 2020 मध्ये वसईच्या एका तरुणीने आपल्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी दिले होते: सोबत राहणारा सहा महिने मारतो आहे, आज गुदमरवून मारायचा प्रयत्न केला, तुकडे करण्याची धमकी देतो. पुढे तक्रार मागे घेतली गेली. मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा गळा दाबून खून केल्याचा आरोप त्याच साथीदारावर आहे. अशा वेळी आपणही ‘समजुतीने घ्या’ म्हणतो, हे कबूल केले पाहिजे.

गळा दाबला की मेंदूकडे जाणारे रक्त अडते. काही सेकंदांत शुद्ध हरपते. बाहेर वळ पुष्कळदा दिसतच नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, नकळत लघवी होणे, घडलेले नीट न आठवणे, ही लक्षणे ओळखा. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. बरे वाटले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टरांना ‘मारहाण’ एवढेच नव्हे, ‘गळा दाबला’ असे स्पष्ट सांगावे आणि एमएलसी नोंदवायला लावावी. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लग्नाविना जोडीदारासोबत संसार करणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. महिला हेल्पलाइन 181. जीवावर बेतले तर 112.