अपेंडिक्सचे बूड कशाने बांधावे?
दुर्बिणीतून आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढताना मोठ्या आतड्याशी उरणारे बूड घट्ट बंद करावे लागते. ते गळले तर पोटात पू होतो. दोऱ्याचा तयार फास हे स्वस्त साधन 5 मिलिमीटरच्या छिद्रातून आत जाते. फास बुडाभोवती सरकवून नळीने गाठ पुढे ढकलत आवळतात, उरलेला दोरा कापतात. बहुधा बुडाशी दोन फास ठेवून त्यांच्या पलीकडे कात्री चालवली जाते. सराईत सर्जन साध्या दोऱ्याची सरकगाठ स्वतः बांधतो, तेव्हा खर्च आणखी उतरतो. प्लास्टिकची क्लिप झटपट बसते, पण फार सुजलेल्या बुडाला पुरत नाही. स्टेपलर एकाच दाबात पिनांच्या ओळी मारून मधून कापतो. मात्र त्याला साधारण 12 मिलिमीटरचे छिद्र लागते आणि त्याचे एकदाच वापरायचे काडतूस बिल बरेच फुगवते. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 8 चाचण्यांतील 850 रुग्णांची माहिती तपासली गेली. क्लिप, स्टेपलर अशा यांत्रिक साधनांनी दोऱ्याच्या तुलनेत सुमारे 9 मिनिटे वाचली. एकूण गुंतागुंतीत मात्र फरक आढळला नाही. त्यामुळे साध्या अपेंडिक्ससाठी फासच रास्त. बूडच सडलेले असेल, तर स्टेपलरने आतड्याची निरोगी कड धरून कापणे अधिक सुरक्षित.